प्रस्तावना : आठ कलांचा फरक

अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने शिकायचे, असे म्हटले की ऐकणारा लगेच सावध होतो. कॉलेजातल्या सरांना वाटते, आता न्यूटनच्या नियमांमध्ये बायबलची वचने घुसणार. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना वाटते, हे मास्तर पोरांच्या डोक्यात नको ते प्रश्न भरणार. पुढच्या पानांत यातले काही नाही. बारावीची प्रकरणे घूर्णन गतीपासून अर्धवाहकांपर्यंत राज्य मंडळाच्या पुस्तकातल्या क्रमानेच घेतली आहेत. सूत्रे तीच, गणिते सोडवायची रीतही तीच. ख्रिस्ती माणसासाठी जडत्वाचा नियम वेगळा नसतो. प्रश्न एवढाच उरतो, की तो शिकताना आपण कोणापुढे उभे आहोत.

ही टिपणे ज्या मुलामुलींसाठी आहेत ती पिंपरी, काळेवाडी, चिंचवड, निगडी, भोसरी, मोशी आणि पुढे चाकणपर्यंतच्या वस्त्यांत राहतात. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य वर्कशॉप उभी राहिली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने सुरू झाले. कामाच्या मागे माणसे आली. त्यांत नगर-जालन्याकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबे होती, गोवा-मंगळूरची होती, केरळ-तमिळनाडूची होती. त्या घरांतली मुले आणि नातवंडे आज सायन्सला आहेत.

त्यांतल्या बऱ्याच जणांचे दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक. बाजूला जेईई किंवा सीईटीचा क्लास. वडिलांची शिफ्ट बदलली की घराचे वेळापत्रक बदलते. या धावपळीत फिजिक्स म्हणजे पाठ करायची डेरिव्हेशन्स होऊन बसते आणि विश्वास रविवारच्या उपासनेपुरता उरतो. मग मोबाइलवर कुणी वक्ता ठासून सांगतो, की उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाने उत्क्रांती खोटी ठरली. क्लासमधला मित्र तितक्याच ठामपणे सांगतो, की बिग बँगनंतर देवाची गरज संपली. दोघांचेही म्हणणे तपासायला जे फिजिक्स लागते ते या मुलांच्या दप्तरातच असते, कारण तेच प्रकरण ती परीक्षेसाठी करत असतात. ते इथे वापरायचे असते, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

या विषयात शिरायला केप्लरसारखा दुसरा माणूस नाही. अकरावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात त्याचे तीन नियम थोडक्यात उरकले जातात. पुण्यात नगर रस्त्यावरच्या ज्ञानदीप विद्यापीठात शिकवणारे जेझुइट फादर जॉब कोझमथडम यांनी मात्र त्या नियमांच्या शोधावर एक आख्खे पुस्तक लिहिले. केप्लरचे विज्ञान, त्याचे तत्त्वज्ञान आणि त्याचा धर्म एकमेकांत कसे गुंतले होते, हा त्याचा विषय. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाने ते १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. पिंपरीपासून तासाभराच्या अंतरावर शिकवणाऱ्या माणसाचे हे काम, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये त्याची फारशी चर्चाही होत नाही, याचे मला वाईट वाटते.

केप्लर (१५७१-१६३०) ट्युबिंगनला शिकायला गेला तो पाळक व्हायचे म्हणून. झाला गणिताचा शिक्षक. १५९६ मध्ये, पंचविशीत, त्याने पहिले मोठे पुस्तक लिहिले. तेव्हा ग्रह सहाच माहीत होते. सहा ग्रहांमध्ये जागा पाच, आणि भूमितीत सुसम घनाकृतीही पाचच. देवाने या पाच आकृत्या एकीत एक बसवून ग्रहांची अंतरे ठरवली, असे त्याला दिसले. कल्पना भक्तीतून आली होती, देखणी होती, आणि चुकीची होती.

पुढे त्याच्या हाती टायको ब्राहे याची मंगळाची निरीक्षणे आली. दुर्बिणीच्या आधीच्या काळात, नुसत्या डोळ्यांनी पण मोठमोठ्या धातूच्या उपकरणांवर घेतलेली ही रीडिंग. केप्लरने वर्षानुवर्षे गणित करून वर्तुळावर आधारलेली एक मांडणी बसवली. ती जवळजवळ जुळली. फरक राहिला आठ कलांचा. एका अंशाच्या साठ कला. म्हणजे आठ कला हे अंतर आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण चौथ्या भागाएवढे. आधीचे ज्योतिर्विद दहा कलांपर्यंतचा फरक खुशाल सोडून देत. केप्लरने सोडला नाही. त्याचे कारण त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि ते धार्मिक आहे : टायकोसारखा काटेकोर निरीक्षक ही देवाची देणगी आहे, आणि देणगी मिळाली तर ती कृतज्ञतेने घ्यावी, तिच्याकडे डोळेझाक करू नये. म्हणून त्याने स्वतःची मांडणी मोडली. १६०९ च्या पुस्तकात मंगळाची कक्षा लंबवर्तुळ होऊन आली.

श्रद्धा दोन्ही वेळी तीच होती. पहिल्या वेळी तिने त्याला सुंदर आकृती दिली. दुसऱ्या वेळी तिने त्याला निरीक्षणापुढे मान तुकवायला लावली. मला तिचे हे दुसरे रूप जास्त खोल वाटते, आणि या पुस्तकातली सगळी टिपणे त्याच्या बाजूने लिहिली आहेत. अशा माणसाला त्याच्या पंथाने मानाने वागवले असेल असे समजू नये. लिंत्स शहरात पंथाच्या श्रद्धा-जाहीरनाम्यावर बिनशर्त सही करायला तो कचरला, तेव्हा लुथरन पाळकांनी त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले. त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण म्हणून खटला चालला, तोही त्याने लढवला.

आता आपल्याकडच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलकडे येऊ. साधा लोलक, मीटर ब्रिज, सोनोमीटर, केशनलिकेतून पृष्ठताण. कोणताही प्रयोग घ्या. आधी उत्तर बघायचे, मग त्या उत्तराला पोचेल अशी रीडिंग उलट गणिताने तयार करायची, हा प्रकार इतका सर्रास चालतो की मुलांना त्यात काही वावगे वाटतच नाही. तीस गुण प्रॅक्टिकलचे, ते कोण सोडणार? लोलकावरून g काढला की निम्म्या वर्गाचे उत्तर ९.८ किंवा ९.८१ येते. खरे तर ९.८१ हे लंडन-पॅरिसकडचे मूल्य. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे आणि तिचे फिरणे विषुववृत्ताकडे जास्त जाणवते, म्हणून आपल्या अक्षांशावर g थोडा कमी. त्यात आपण पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या वर. पिंपरीत तो साधारण ९.७८ भरतो. दोरी, गोळी आणि स्टॉपवॉच यांवर एवढा बारीक फरक धरणे कठीण आहे. कुणाला ९.६ मिळेल, कुणाला ९.९. पण ते त्याचे स्वतःचे असेल, आणि दोरीची लांबी हुकापासून गोळीच्या मध्यापर्यंत मोजली का, आंदोलने मोजताना शून्यापासून सुरुवात केली की एकपासून, हे प्रश्न त्या ९.६ मधूनच सुटतील. जुळवलेल्या ९.८१ मधून काहीच सुटत नाही.

रीडिंग जुळवणे हे पाप आहे, असे मी स्पष्ट लिहितो, आणि विचार करून लिहितो. खोटा तराजू आणि खोटी वजने यांविषयी लेवीय आणि नीतिसूत्रे या दोन्ही पुस्तकांत किती कडक भाषा आहे ते घरचे बायबल उघडून बघावे. बाजारातल्या मापाला जो नियम लागतो तो प्रयोगशाळेतल्या मापाला लागत नाही, असे म्हणायला मला जागा सापडत नाही. ख्रिस्ती दृष्टीने फिजिक्स शिकण्याची सुरुवात विश्वाच्या उगमापासून होत नाही, जर्नलच्या निरीक्षण-तक्त्यापासून होते, हे माझे या पुस्तकातले मुख्य म्हणणे आहे.

आपल्या पट्ट्यात हे समजावणे सोपे आहे, कारण ते घरातच कोणाला तरी ठाऊक असते. क्वालिटीत काम करणाऱ्या वडिलांना, काकांना विचारा. मायक्रोमीटर हातात घेतला की आधी तोंडे पुसून शून्य तपासायचे. जॉबवर दांडा आवळायचा नाही, रॅचेट फिरवून टिकटिक ऐकायची. गेजवर कॅलिब्रेशनचा स्टिकर असतो, त्यावरची तारीख उलटली असेल तर गेज वापरायचा नाही, मग माप कितीही बरोबर येवो. गो-नो-गो गेजची 'नो-गो' बाजू भोकात शिरली की तो जॉब लाल ट्रेमध्ये. शतांश मिलिमीटरच्या फरकावर दिवसाचे काम बाजूला पडते, कारण तो भाग कुणाच्या तरी गाडीच्या ब्रेकमध्ये बसणार असतो. कॉलेजात ज्याला लीस्ट काउंट आणि झिरो एरर म्हणून दोन गुणांसाठी पाठ करतात, ते घरात कुणीतरी आठ-आठ तास पाळत असते. अशा घरातल्या मुलाने जर्नल खोटे लिहावे हे मला पटत नाही.

याच वर्कशॉपमध्ये बारावीचे विद्युतचुंबकीय प्रवर्तनही उघड्यावर चाललेले असते. इंडक्शन हार्डनिंगचे मशीन पाहिले नसेल तर मुद्दाम जाऊन बघा. तांब्याच्या पोकळ नळीचे एक वेटोळे, नळीतून थंड पाणी वाहते. त्याच्या मधोमध ॲक्सलचा दांडा उभा फिरतो. वेटोळे दांड्याला कुठेही टेकत नाही. वेटोळ्यातून उच्च वारंवारतेची एसी सोडली की काही सेकंदांत दांड्याचा वरचा थर नारिंगी लाल होतो, लगेच त्यावर पाण्याचा फवारा बसतो, वाफ उठते. बदलत्या चुंबकीय प्रवाहामुळे पोलादात भोवरे प्रवाह तयार होतात, आणि वारंवारता जितकी जास्त तितके ते वरच्या थरात राहतात. म्हणून कातडी कडक होते, गाभा चिवट राहतो. प्रवर्तनाचा हा नियम मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून शोधला.

फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तके बांधायच्या दुकानात उमेदवारी केलेला. सँडेमेनियन नावाच्या छोट्या ख्रिस्ती पंथाचा तो आयुष्यभर सभासद होता, पुढे त्या मंडळीचा वडीलही झाला. त्याच्या वहीची सवय मला मुलांना दाखवावीशी वाटते. फसलेले प्रयोगही तो परिच्छेदाला क्रमांक देऊन लिहून ठेवी. १८४९ मध्ये त्याने गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा संबंध लागतो का ते तपासले. काही हाती लागले नाही. निसर्गातली बले मुळात एक असावीत, ही त्याची श्रद्धेतून आलेली खात्री होती आणि ती त्याने सोडली नाही. तरीही प्रयोगात काही दिसले नाही हे त्याने छापून सांगितले. त्याच्या कल्पनांना समीकरणांत बसवणारा मॅक्सवेलही श्रद्धाळू. केंब्रिजच्या ज्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा तो पहिला प्रमुख होता, तिच्या जुन्या दारावर १११ व्या स्तोत्राचे दुसरे वचन लॅटिनमध्ये कोरले आहे. देवाची कृत्ये शोधून पाहण्याविषयीचे ते वचन. स्तोत्रसंहिता काढून वाचा.

अशी नावे पुष्कळ आहेत. स्टोक्स, पास्कल, ग्रिमाल्डी हे तर बारावीच्या प्रकरणांच्या आसपासच भेटतात. पण मोठी माणसे विश्वास ठेवत होती म्हणून विश्वास खरा, असा युक्तिवाद कोणी करू नये. न मानणारे मोठे भौतिकशास्त्रज्ञही तितकेच सापडतील. ही चरित्रे इथे आहेत ती विश्वास आणि काम एकाच माणसात कसे नांदले ते दिसावे म्हणून.

दुसरी एक चूक जास्त धोक्याची. जिथे विज्ञानाला उत्तर सापडत नाही तिथे देव बसवायचा. न्यूटनने हे केले. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे कक्षा हळूहळू बिघडत जातील आणि देवाला कधीतरी त्या दुरुस्त कराव्या लागतील, असे त्याला वाटे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाप्लासने गणिताने दाखवले, की गुरू-शनीच्या गतीतला तो बिघाड ठरावीक काळाने आपोआप उलटतो. ज्यांनी देवाला त्या फटीत ठेवले होते त्यांचा देव त्या दिवशी छोटा झाला. गणित जिथे जुळते तिथेही देवच आहे असे मानणाऱ्याचे काहीच बिघडले नाही.

हे सर्वांत नीट कळले होते ते फादर जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूला. आइनस्टाइनच्या समीकरणांतून विश्व प्रसरण पावते आहे हे त्याने १९२७ मध्ये मांडले, आणि १९३१ मध्ये आदिम अणूची कल्पना, जिला आपण आज महास्फोट म्हणतो. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने प्रसरणाच्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे असे ठरवले. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धान्तात उत्पत्तीला दुजोरा मिळतो अशा अर्थाचे भाषण केले, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाला तो लमेत्रच. सिद्धान्त उद्या बदलला तर? आणि बदलायला हवा असे म्हणणारा मोठा माणूस आपल्या पुण्यात होता. आयुका या खगोलशास्त्र-संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत अनेक दशके महास्फोटाला पर्याय शोधला. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना तो पटला नाही, पण प्रश्न निरीक्षणांनीच सुटला पाहिजे हा त्यांचा आग्रह लमेत्रच्या जातीचा होता. (मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद २०२० मध्ये उस्मानाबादला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते, आणि लगेच पुढच्या, नाशिकच्या संमेलनाला नारळीकरांकडे. मराठी वाचकाला दोघेही आपलेच वाटले, ही मला मोठी गोष्ट वाटते.)

उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचे थोडक्यात सांगतो, कारण हा प्रश्न दर वर्षी येतो. एंट्रॉपी कमी होत नाही ही अट एकाकी प्रणालीची आहे. पृथ्वी एकाकी नाही. तिला सूर्याकडून ऊर्जा मिळते आणि ती अवकाशात उष्णता टाकते. कारखान्यातला चिलर आतले पाणी गार करतो आणि बाहेर त्याहून जास्त उष्णता फेकतो, त्यात नियम कुठेही मोडत नाही. म्हणून हा नियम घेऊन उत्क्रांतीशी भांडू नये. पृथ्वीच्या वयाचेही तसेच. युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल साधारण साडेचार अब्ज वर्षे, आणि पृथ्वीचे वयही जवळपास तेवढेच निघते. ज्या क्षय-नियमावर तुम्ही अणुकेंद्रकाच्या प्रकरणात गुण मिळवता, तोच नियम खडकाला लावला की खोटा ठरत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाकडे वर्षांचा हिशेब मागू नये, असे मला वाटते. संत ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वीच बजावले आहे, की आकाश-पृथ्वीविषयी ख्रिस्ती माणसाने अडाणीपणाने बोलून पवित्र शास्त्राचे हसे करू नये. तुमच्या मंडळीत याबाबत वेगळे मत असेल तर पाळकांशी आदराने बोला, पण अर्धायुकालाचे गणित आधी स्वतः करून मग बोला.

आपल्या इतिहासातले कडूही लपवू नये. १६३३ मध्ये चर्चने गॅलिलिओला दोषी ठरवले. ती चूक होती हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये जाहीरपणे मानले. मराठी मुलखात १८४२ मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू झाला, त्यात धर्मासोबत भूगोल-खगोलाचे लेख आले, मराठी वाचकाला नवी दृष्टी मिळाली. पण त्या काळच्या मिशनऱ्यांनी हाच खगोल पुराणांतल्या मेरुपर्वतावर शस्त्रासारखा चालवला. शेजाऱ्याच्या कथेला विज्ञानाने हाणायचे आणि आपल्या कथेला विज्ञानापासून वाचवायचे, हा न्याय नव्हे. माझ्या मते त्याहून चांगला कित्ता कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों यांनी घालून दिला. त्यांनी जगदीशचंद्र बोसांना भौतिकशास्त्र शिकवले, आणि १८७६ मध्ये महेंद्रलाल सरकार यांना विज्ञान-संशोधनाची भारतीय संस्था उभारायला साथ दिली. त्याच संस्थेत १९२८ मध्ये रामन परिणाम सापडला. लाफोंनी तिथे कोणाला धर्म विचारला नाही, आणि स्वतःचा लपवलाही नाही.

टिपणे वापरायची रीत सोपी आहे. आधी पाठ्यपुस्तकाचे प्रकरण पूर्ण करा, गणिते सोडवा, मगच इथले टिपण वाचा. उलट क्रमाने गेलात तर दोन्ही वाया जाईल. प्रॅक्टिकलची रीडिंग पहिल्या दिवसापासून पेनने लिहा. चुकले तर एक रेघ मारा, खाली काय होते ते वाचता आले पाहिजे. उत्तर अपेक्षेपेक्षा लांब आले तर तेच जर्नलमध्ये ठेवा आणि का आले असेल ते दोन ओळींत लिहा. परीक्षकांनी गुण कापले तर कापू द्या.

पाळकांना, फादरांना आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना एक विनंती आहे. चाकणवरून नाशिक रस्त्याने नारायणगावला गेले की जवळच खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) रेडिओ दुर्बीण आहे. तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, तिथे विज्ञान प्रदर्शन भरते, गावोगावची शाळकरी मुले येतात आणि शास्त्रज्ञ त्यांच्याशी बोलतात. येत्या वर्षी आपल्या मंडळीतल्या अकरावीच्या मुलांना तिथे घेऊन जा, आणि जमल्यास बसमध्ये शेजारच्या गल्लीतल्या मुलांनाही जागा द्या.